मधला एक तास

“निघाल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारू नाही गं बाई.” जात्यावरच्या ओवीसारखा आईचा तो फार जुना आवाज आठवला, आणि परतूरच्या फलाटावर गिरिजाबाई काही न विचारता नुसती ऐकू लागली. शेजारच्या बाकावर प्रवासाला निघालेली गोजरबाई आणि तिला पोचवायला आलेला धाकटा भाऊ तातेराव बोलत होते.

“आक्का, दुबईला इमान बदलायचंय. मधी एकच तास हाये.”

“रेल्वे लेट झाली तर आपली एष्टी थांबती की रे.”

“तिथला ड्रायव्हर काय आपल्या केदारखेड्याचा हाये, ‘चला मावशी’ म्हणून थांबायला? पहिलं इमान उशिरा पोचलं, की दुसरं गेलंच बिलकुल.”

“मस्करी नको करू. लेक तिकडं अमेरिकेत दिवस भरलेली, घरात दुसरं बाईमाणूस न्हाई.”

“जावयाला अक्कल न्हाई! मधी सहा तास मिळतील असं तिकीट मिळत व्हतं म्हणे. मंग हे कामून काढलं?”

“त्यांना बोलू नको.”

“बोलणार! आत्ता फोन लावतो बराबर.”

“तात्या, थांब. त्यांनी सहा तासांचंच धरलं व्हतं. मीच बदलाया लावलं. एवढा वेळ तिथं एकटीनं बसायचं मला लई भ्या वाटलं रे.”