पंप आत की पंप बाहेर?

अहो, चूक भाऊजींचीच, मी कुठं नाही म्हणतोय! पण तुम्हाला सांगतो, एका माशापायी माणसाचे इतके हाल? आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान, स्वभाव गरीब, दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत 'हे बरं दिसतं की हे?' असं विचारायचं आणि संध्याकाळी घरी येऊन फिशटँकसमोर बसायचं, संपला विषय! टँकमध्ये मासा एकच. गोल्डफिश. नाव आजीबाई. भाची परगावी शिकायला गेली ना, तेव्हा बापाच्या गळ्यात पडून सांगून गेली, "बाबा, आई स्वतःचं बघेल, तुम्ही आजीबाईंना सांभाळा!"

आता त्या टँकखाली कपाट, कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी खाली उतरणार, गाळलं जाणार, आणि खालच्या टाकीत बुडवलेला पंप ते पुन्हा वर ढकलणार. बिचारा पाण्यात गुपचूप पडून असायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ह्या उन्हाळ्यात आजीबाई वर येऊन नुसतं तोंड उघडमीट करायला लागल्या. पाणी कोमट! भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. धावले मासेवाल्या दुकानदाराकडं. तो म्हणतो, "साहेब, पंप पाण्यात ठेवलाय ना? मग तो तापणार आणि पाणी तापवणार. बाहेर काढा!" हे ऐकून माणसानं सरळ घरी यावं की नाही? छे! समोरच्या दुसऱ्या दुकानात शिरले. तो म्हणतो, "बाहेर? भलतंच काय! बाहेरचा पंप बोंबलतो, गळतो. आतच ठेवा!"

झालं! पंप आत की पंप बाहेर? जेवताना तेच, दाढी करताना तेच... दुकानात एका बाईंच्या डोळ्याला भिंग लावून विचारते झाले, "आता सांगा, आत की बाहेर?" बाई तडक बाहेर!

शेवटी ताईच कडाडली, "काढा एकदाचा बाहेर!" प्लंबर आला, खालच्या टाकीला भोक पाडलं, पाइप जोडला, नवा दांडगा पंप कपाटाशेजारी फरशीवर बसवला. बटण दाबलं आणि... अहो, हॉलमध्ये विमान उतरलं हो! पाणी गार झालं, आजीबाई झोकात फिरायला लागल्या, आणि बाकीचं घर बहिरं! ताई स्वयंपाकघरातून ओरडणार, "मीठ आणा!" भाऊजी हॉलमधून ओरडणार, "कोण पाहुणा?" वर पाण्याची खळखळ नको म्हणून भाऊजींनी वरच्या पाइपचं तोंड टँकच्या पार तळापर्यंत नेलं. आणि जास्त पाणी म्हणजे जास्त गार, म्हणून खालची टाकी काठोकाठ भरली. डोकं बघा!

एका रविवारी खालच्या मजल्यावरचे म्हातारे वर आले. निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून वर्गातलाच. "माझं छत थरथरतंय!" भाऊजींनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्वयंपाकघरात येऊन ओरडले, "चहा टाक!" ताई त्याहून वर ओरडली, "त्या म्हाताऱ्याला चहा दिलात तर तो..." आणि वीज गेली! पंप गप्प. पंखा गप्प. आणि त्या शांततेत ताईचं उरलेलं वाक्य अख्ख्या इमारतीनं ऐकलं, "...जन्मात उठायचा नाही!"

 हेडमास्तर चष्म्यावरून स्वयंपाकघराकडं बघतायत, ताई ओट्याकडं बघतेय, भाऊजींना वाटतंय जमीन दुभंगावी... आणि दुभंगली नाही, भिजली! पंप बंद पडल्यावर वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागलं. खालची टाकी आधीच काठोकाठ! कपाटातून लोंढा. हेडमास्तरांनी पाय वर घेतले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हे पाणी इथून कुठं जातं?"

"खाली," भाऊजी म्हणाले.

"खाली मी राहतो!"

पण भाऊजींचं लक्ष होतं कुठं? टँकमधलं पाणी झरझर उतरत होतं, आजीबाईंची पाठ उघडी पडली होती, शेपटी फटफट आपटत होती. लेकीला काय तोंड दाखवू! भाऊजी शर्टाच्या बाहीसकट खांद्यापर्यंत टँकमध्ये घुसले आणि पाइपचं तोंड ओढून पाण्याबाहेर काढलं. घर्रर्र करून हवा शिरली, पाणी थांबलं. आजीबाई आडव्या झाल्या होत्या, त्या सावकाश सरळ झाल्या. भाऊजी ओल्या फरशीवर बसून चक्क रडले हो!

पहिल्या दुकानदाराला सांगितलं तर तो काय म्हणाला? "पाइपला पाण्याच्या रेषेशी हवा शिरायला बारीक भोक नव्हतं पाडलं? मग पंप आत काय नि बाहेर काय, पाणी उलटं येणारच!" घ्या! आत की बाहेर करत महिना गेला आणि अडलं होतं भोकापाशी!

आता पाइपला बारीक भोक पाडलंय, टाकीचं भोक बुजवलंय, पंप परत आत, टँकवर छोटा पंखा, पाणी गार. पण हेडमास्तरांचं छत पोपडे धरून खाली आलं, त्याचं काम निघालं, आणि तोवर ते राहणार कुठं? भाऊजींच्याच हॉलमध्ये! सकाळपासून टँकसमोर खुर्ची टाकून भाऊजींना पाण्याचे गुणधर्म शिकवतात, मधेच प्रश्न विचारतात, उत्तर चुकलं की पहिल्यापासून सांगतात.

परवा मी गेलो तर भाऊजी दारातच भेटले. म्हटलं, "काय भाऊजी, पंप आत गेला, आता शांतता ना?" त्यांनी हॉलकडं एकदा बघितलं, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "पंपाला निदान बटण तरी होतं रे!"