आणखी कोणी पाहिलं का?

…अहो, पण पाहणार कोण? तुम्हीच सांगा! गच्चीवर मी एकटा, दुर्बीण एकटी, वर एवढं मोठं आभाळ, आणि धूमकेतूंची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसातले साहेब दर वेळी मेलवर विचारतात, 'आणखी कोणी पाहिलं का?' जसं काही माझ्या गच्चीवर सभाच भरलीय! आता मागे एकदा मी काचेवरचा डाग धूमकेतू म्हणून कळवला होता, मान्य आहे, पण म्हणून काय जन्मभर तेच?

तुम्हाला सांगतो, केस काळे होते तेव्हापासून मी हे करतोय. सूर्य बुडाला की दुर्बीण पश्चिमेला लावायची आणि आभाळ झाडून काढायचं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे… धूमकेतू म्हणजे लगेच शेपूट-बिपूट नाही हां, ते सगळं नंतर! आधी नुसता एक पुसट ठिपका, चष्म्याला बोट लागावं तसा. असले ठिपके वर ढिगानं आहेत, पण ते जागचे हलत नाहीत. हलला तो धूमकेतू! आणि जो पहिला कळवील त्याचं नाव त्याला. आपलं आडनाव, आभाळात! इथे दारावरची पाटीसुद्धा कुणी वाचत नाही हो.

तर परवा दिसला! समोरच्या पाण्याच्या टाकीच्या जरा वर. काच पुसली, चष्मा पुसला, डोळे पुसले, ठिपका तिथेच! थोड्या वेळानं पाहतो तर केसभर सरकलेला! अंगावर काटा आला, आणि मी जिन्याकडे तोंड करून ओरडलो, 'अगं, वर ये लवकर!'

…बायको जाऊन वर्ष होऊन गेलंय. पण जिभेला कोण सांगणार?

हाक मारली की ओले हात पदराला पुसत यायची, डोळा लावायची आणि म्हणायची, 'अय्या, काय छान दिसतंय हो!' एकदा तर मी दुर्बिणीचं झाकणच काढलं नव्हतं! तरी 'काय छान!' मी म्हटलं, 'अगं, दिसलं काय तुला?' तर म्हणे, 'तुम्ही बोलावलंत म्हणजे असणारच की काहीतरी!' असा साक्षीदार आता कुठून आणू, सांगा?

म्हटलं, या खेपेला आधी साक्षीदार, मग मेल. पुन्हा हसं नको! खालच्या मजल्यावरच्या वकिलांना ओढून आणलं. धापा टाकत आले, गुडघ्यानं दुर्बिणीला धक्का दिला, डोळा लावला. 'वा वा, केवढा लख्ख आहे हो!' लख्ख? बघतो तर गल्लीतला दिवा! मुलीला फोन लावला. 'बाबा, धूमकेतू राहू द्या, जेवलात का?' म्हटलं, 'अगं, खिडकीतून पश्चिमेला बघ.' 'बाबा, खिडकीतून समोरच्यांची भिंत दिसते. जेवलात का?' दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला गाठावं म्हटलं, तर संध्याकाळी आभाळ भरून आलं. शेवटी वैतागून, साक्षीदाराशिवायच, दिली मेल धाडून!

उत्तर आलं. तुम्हाला सांगतो, इतकं गोड उत्तर मला त्या साहेबांनी कधी दिलं नव्हतं. 'धूमकेतू खरा आहे. एका गृहस्थांनी तो कालच कळवला. तेही एकटेच होते, त्यामुळे आम्ही थांबलो होतो. आपल्यामुळे त्यांचा शोध पक्का झाला. आभार!'

कळलं का? मी इथे जिने चढतोय-उतरतोय, वकिलांना दिवे दाखवतोय, आणि तिकडे तो पठ्ठ्या एकट्यानंच कळवून मोकळा! त्यालाही विचारलं असणार, 'आणखी कोणी पाहिलं का?' आणि ते आणखी कोणी म्हणजे… मी! राग आला. मग रडू आलं, खरंच आलं. मग वाटलं, त्याच्याही जिन्यातून कुणी वर येत नसेल बिचाऱ्याच्या.

मुलीला फोन केला. म्हटलं, 'अगं, खरा निघाला तो!' 'अरे वा, बाबा! आणि जेवलात का?'

'जेवलो की, पोटभर!'

ताट झाकलेलं तसंच होतं टेबलावर. पण काय हो… आणखी कोणी पाहिलं का?