नेलिमाला अजून कोणी विचारलेलं नाही

आधी मला हे सांगा, मंडपाच्या दारावरचा तो फलक कोणाच्या डोक्यातून निघाला? ‘आमची कॉम्प्युटर इंजिनिअर नेलिमा’. त्याच नेलिमाकडून, माझ्या नातीकडून, मी तो वाचून घेतला. मुलगी अजून बसमध्ये चढलेली नाही, विद्यापीठाचं दार तिनं पाहिलेलं नाही, आणि तुम्ही तिला इंजिनिअर करून दोन खांबांच्या मध्ये टांगलीसुद्धा. शिवाय तिला मिळालेली जागा इंजिनिअरची नाही, माहिती तंत्रज्ञानाची आहे. रंगवणाऱ्याला म्हणे ते नाव कापडात बसेना. कापडात बसेना म्हणून पोरीचं शिक्षण बदललं. ही माझी तक्रार आहे आणि ती मी नमस्काराच्या आधी मांडते, कारण नमस्कार झाल्यावर म्हातारीचं कोणी ऐकत नाही.

आता नमस्कार. आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पास्टर वाफुला, प्रमुख पाहुणे आणि आपल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक माननीय माकोखा सर, व्यासपीठावर खुर्च्या मिळालेली मंडळी, खुर्च्या न मिळाल्यानं रुसून आंब्याखाली उभी राहिलेली मंडळी, महिला गटातल्या माझ्या लेकी, सुना आणि सवती, आणि जेवणाचा अंदाज घेऊन वेळेवर पोचलेले शेजारच्या टेकडीवरचे पाहुणे, तुम्हा सर्वांना सितुमाच्या आईचा, नेलिमाच्या आजीचा नमस्कार.

पास्टरांनी मला बजावलंय, आजी, दोन शब्द आशीर्वादाचे बोला आणि बसा. पास्टर, तुमचे दोन शब्द चालू असताना कोंबडीच्या रश्श्यावर साय धरली. माझ्या दोन शब्दांत फार तर मक्याच्या पिठाची उगाली थंड होईल. तेवढं सोसा.

सगळ्यांची भाषणं मी कान देऊन ऐकली. सरांनी सांगितलं, कॉम्प्युटर म्हणजे उद्याचं जग. माझ्या मुलानं, सितुमानं सांगितलं, आमच्या घराण्याचं नाव होणार. छान बोललात. पण एका माणसाचं नाव कोणीच घेतलं नाही, आणि ते न घेण्यासाठी तुम्हाला किती वळसे घालावे लागले ते मी बघत होते. म्हणून मीच घेते. लुस्वेती. नेलिमाचा थोरला भाऊ. याच मैदानात, अशाच मंडपात, याच शिक्षणासाठी आपण त्याला निरोप दिला होता. आज माना खाली घालून काय उपयोग? त्या दिवशी घालायच्या होत्या.

लुस्वेतीला कॉम्प्युटरला कोणी लावलं, आठवतं का? पास्टरांच्या फोननं. तो फोन मुका झाला होता. पास्टरांनी त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा करून पाहिली. मग चर्चच्या पायरीवर पोरानं तो हातात घेतला, बाजूचं बटण दाबलं आणि फोन वाजला. पुढच्या रविवारी प्रवचनात सांगितलं गेलं की देवानं या मुलाला यंत्रांची देणगी दिली आहे. एक बटण. बंगोमाच्या बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बाईलाही ते बटण ठाऊक असतं. पण आपल्याकडे रविवारी सांगितलेलं सोमवारी खरं होतं.

पोराचा जीव गुरांत होता. जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला की हा त्याच्या मागं धावायचा. आमची लाल गाय अडली तेव्हा कोपरापर्यंत हात घालून त्यानं वासरू वळवलं आणि बाहेर येऊन हात न धुताच जेवायला बसला. त्याच्या आईनं त्याला चुलीपासून हाकललं होतं. त्याला त्याच मार्कांवर गुरांच्या शिक्षणाला जागा मिळत होती. माकोखा सर म्हणाले, गुरं काय, ती तर घरीच आहेत, त्यांचं शिकायचं काय असतं? आणि सितुमा म्हणाला, शेणात हात घालण्यासाठी मी याला शाळेत पाठवला का? गणितात पोरगा दर वेळी काठावर तरला होता. सरांना ते माहीत होतं, मार्क त्यांनीच दिले होते. तरी बोलताना म्हणाले, तिकडे गेला की जमेल. तिकडे काय गणिताची विहीर आहे, की वाकलं आणि भरून घेतलं?

मग मंडप उभा राहिला आणि सगळ्या गावानं मदत केली. कोणी बकरा दिला, कोणी घेवड्याचं पोतं, कोणी नुसतंच माईकवर येऊन दिल्याचं सांगितलं. आपली ही रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. तिच्यावरच आपली अर्धी पोरं शिकली. पण त्या दिवशी आपण तिच्यावर आणखी एक थर चढवला. कोंबडीच्या पोटातली ती दाणे दळणारी मांसल पिशवी, पेटा, कोणाचा असतो? घरच्या कर्त्याचा. सासरा आला तर त्याच्या ताटात जातो, पण बाप जिवंत असताना मुलाच्या ताटात कधी पडत नाही. त्या दिवशी सितुमानं सगळ्यांच्या देखत आपल्या ताटातला पेटा उचलला आणि लुस्वेतीच्या ताटात ठेवला. बायकांनी आरोळ्या ठोकल्या, पास्टरांचे डोळे भरून आले. विशीही न गाठलेल्या पोराला आपण बापाच्या वर नेऊन बसवला. आता मला सांगा, एवढ्या उंचावर बसवलेल्या माणसानं परत येऊन ‘मला हे जमत नाही’ असं कोणापाशी म्हणायचं?

पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा माझ्याजवळ घेवडा सोलत बसला होता. मी विचारलं, काय शिकवतात रे तिथं? म्हणाला, ‘यंत्राला काम कसं करायचं ते लिहून सांगायचं, आजी. एक खूण चुकली तरी ते अडून बसतं. मग ती चूक शोधत बसायचं.’

मी म्हटलं, मग सापडते का?

‘सापडते कधीकधी. पण माझ्या शेजारी एक मुलगी बसते, तिला चूक सापडली की ती हसते. जेवायचं विसरते. मला सापडली की मला नुसती झोप येते.’

मी त्याला म्हटलं, हे जाऊन बापाला सांग.

तो म्हणाला, ‘बापाला सांगेन. गावाला कोण सांगणार?’

याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? असेल तर चहाच्या वेळी येऊन सांगा.

त्याच सुट्टीत तुम्ही आपापले बिघडलेले फोन, रेडिओ घेऊन माझ्या अंगणात रांग लावलीत. सरांनी शाळेतला बंद पडलेला कॉम्प्युटर हातगाडीवरून पाठवला. का नाही पाठवणार? बकरा दिला होता ना. पोरानं सगळं ठेवून घेतलं, पोत्यात भरलं आणि बंगोमाला दुकानात नेऊन दिलं. दुकानदाराचं देणं फेडायला बाजारात लोकांची ओझी वाहिली. संध्याकाळी तुम्ही आपापल्या वस्तू चालू झालेल्या बघून म्हणालात, पोरगा चांगलाच हुशार झाला. मला हे त्याच दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं, तेही तो निघून गेल्यावर खूप दिवसांनी. आणि मुळात हे शिक्षण रेडिओ दुरुस्त करायचं नाहीच. हे एवढ्या मोठ्या सभेत एकालाही माहीत नव्हतं, आणि पोराला तिकडे धाडायची घाई मात्र सगळ्यांना होती.

दुसऱ्या वर्षी त्यानं वर्गात जाणं सोडलं. घरी कळवलं नाही. नैरोबीत इमारतींवर विटा चढवल्या, मग मलाबाला सीमेवर ट्रक भरायला लागला. अजून तिथंच आहे. जिवंत आहे, त्याबद्दल देवाचे आभार मानायला मला कोणी शिकवू नये.

त्याची आई गेली तेव्हा तुम्ही सगळे होता. निरोप त्याला पोचला होता, मलाबाच्या मोटारसायकलवाल्यानं हातात हात घेऊन सांगितला होता. थोरल्या मुलानं पहिली मूठ माती टाकायची असते. आपण थांबलो. भजनं संपली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. खड्ड्याच्या काठाची माती वाळून आत पडायला लागली. पास्टर दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघत होते. नेलिमा रस्त्याच्या वळणावर जाऊन उभी होती. तो आला नाही. नंतर त्यानं कळवलं, मी आलो असतो, पण तिथं सगळे असतील. सगळे म्हणजे कोण? आपण. आईच्या मातीला यायला पोराला आपलं भय वाटलं. शेवटी मीच म्हटलं, टाका माती. सुनेला माती द्यायची वेळ माझ्यावर आली, आणि पहिली मूठ नेलिमानं टाकली.

म्हणून आज नेलिमा व्यासपीठाच्या पायरीवर, पांढऱ्या पोशाखात, मान खाली घालून बसलेली दिसली तेव्हा मला आशीर्वाद सुचेना. आणि वाढताना पास्टरांनी मोठ्यानं हुकूम सोडला, पेटा नेलिमाच्या ताटात. माझ्या तरुणपणी बाईच्या तोंडाला कोंबडीचा वाससुद्धा लागू देत नव्हते. आज मुलीला पेटा मिळाला म्हणून टाळ्या पडल्या. प्रगती आहे, मान्य. पण दावं तेच आहे.

माझं कॉम्प्युटरशी भांडण नाही. कदाचित ही मुलगी त्याच कामासाठी जन्मली असेल. परवा आमचा उन्हावर चालणारा दिवा बंद पडला. हिनं तो उघडला, हाका मारून मारून माझा घसा बसला, ही जेवायला उठेना. दिवा लागला. मग हिनं तो पुन्हा उघडला, का लागला ते बघायला. मी हे बघितलं. लुस्वेतीच्या एका बटणावर तुम्ही त्याचं आयुष्य ठरवलंत. एका दिव्यावर मी हिचं ठरवणार नाही. गणितात ही चांगली आहे म्हणतात. चांगलं येणं निराळं आणि दिवसरात्र त्यातच राहायला आवडणं निराळं. आज जे शिकायचं ते नोकरी लागेपर्यंत जुनं होतं, मग पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, असं लुस्वेती म्हणायचा. कोणाला त्यात मजा वाटेल, कोणाला तो जन्माचा तुरुंग. हे फक्त ज्याचं त्यालाच कळतं.

आणि आणखी एक. मघाशी ताटं वाढत असताना माकोखा सरांनी माझ्या कानाशी सांगितलं की विषय बदलायची मुदत अजून संपलेली नाही, परवा दुपारपर्यंत बदलता येतो. सर, एवढी मोठी गोष्ट तुम्ही कानात सांगितली आणि जगाचं भविष्य माईकवर सांगितलंत. आता सगळ्यांना कळलं. तुमचं काम मी केलं.

पास्टरांचे आभार, त्यांनी माईक हिसकावून घेतला नाही. सरांचे आभार, ते उठून गेले नाहीत. पहाटेपासून चुलीपाशी धुरात बसलेल्या बायकांचे आभार. त्यांच्यासाठी कोणी भाषणात जागा ठेवली नव्हती. ज्यांनी या पोरीसाठी काही दिलं आहे त्यांचेही मनापासून आभार, आणि तिनं काहीही ठरवलं तरी ते परत मागावंसं वाटलं तर माझ्या अंगणात या, तिच्या वाटेला जाऊ नका. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल तर म्हातारीची जीभ म्हणून पोटात घाला. माझं वाक्य कुठे वाकडं गेलं असेल तर सरळ करून घ्या. शिकलेले तुम्ही आहात.

आता माईक नेलिमाकडे द्या. सितुमा, तू बस. सर, तुम्हीही बसा. पास्टर, प्रार्थना मागून करा, देव थांबेल. नेलिमा, उभी राहा. तुझ्या भावाला या जागी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, तुम्ही म्हणाल तसं. ते उत्तर आज चालणार नाही. हो म्हण, नाही म्हण, अजून माहीत नाही म्हण, मंडप कोसळणार नाही. पण ती बोलून संपेपर्यंत बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. बोल.