बिजलीच्या बरगड्या

चहा घ्या, सांगतो. आमची बिजली म्हणजे कारवानी जातीची शिकारी कुत्री. ही जात सडपातळच असती, बरगड्या दिसणारच. पण गुलमंडीच्या आमच्या गल्लीतल्या सुमनबाईंना वाटायचं, म्हातारा कुत्रीला उपाशी मारतोय. माझ्या पाठीमागं त्या तिला तूप-पोळी चारायच्या.

बिजली लई फुगली. मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी कुत्री, अर्ध्यातच धापा टाकत बसायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आबा, वजन उतरवा, नायतर पाय जातील हिचे."

मी तडक सुमनबाईंच्या दारात. "बाई, जीव घेता का माझ्या कुत्रीचा? पोळी बंद!"

"अहो आबा, बरगड्या दिसत होत्या तिच्या. माझा जीव तुटायचा."

"बायको गेल्यापासून माझ्याबी दिसत्यात. माझ्यासाठी कधी तुटला का?"

बाई आत निघून गेल्या. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तूप-पोळीचं ताट घेऊन आल्या. "हे तुमच्यासाठी. तिला तुकडाबी द्यायचा नाय."

आता रोज ताट येतंय. बिजली समोर बसून माझा एकेक घास बघती. मी भिंतीकडं तोंड करून जेवतो.