पंखा बंद होता तेव्हा

काका : ...तात्पर्य काय डॉक्टर, मनुष्य हा सृष्टीचा स्वामी आहे. शेवटचा शब्द त्याचाच.

काकू : स्वामी, हलू नका. वटवाघळीनं तुमच्या हातमोज्यावर शू केलीय.

डॉक्टर : आणा इकडे, काट्यावर ठेवू. शटरच्या खोबणीतून पडली तेव्हा दोन ग्रॅमचं पिल्लू होती. आता सहा हवी... साडेसात? काकू?

काकू : मी तुम्ही सांगितलं तेवढंच केलं. आधी ब्रशनं बकरीचं दूध, आता मोजून आठ अळ्या.

डॉक्टर : मग वरच्या अळ्या कुणी दिल्या?

काकू : अहो. छताकडे काय बघताय?

काका : पंख्याकडे बघतोय. तीन आठवडे बंद आहे. हिला दिवाणखान्यात उडता यावं म्हणून मी घामानं निथळतोय, आणि बाईसाहेब जागच्या हलत नाहीत.

डॉक्टर : एवढ्या वजनाची कशी हलेल? काका, ती आता उडाली नाही तर बाहेर कधीच जगणार नाही. जन्मभर खोक्यात.

काका : माझ्या पायमोज्यात. लोकरीचा आहे.

काकू : आणि हेच म्हणाले होते, ही अवदसा घरात नको.

काका : बोट धरते गं. एवढीशी नखं, पण सोडत नाही... अळ्यांचा डबा कुलपात ठेव. किल्ली कुठे ते मला सांगू नकोस.

(दहा दिवसांनी. गच्चीवर, दिवेलागणीला.)

काकू : गेली. टाकीवरून वळली, मग दिसेना.

काका : दिसेना म्हणजे? पडली असेल. हवेतला किडा कसा धरायचा हे हिला शिकवायला आई कुठे होती?

डॉक्टर : थांबा, हे यंत्र ऐका. ती ओरडतेय, पण आपल्या कानांना ते कळत नाही. हे ऐकवतं.

काका : टक... टक... घड्याळासारखं.

डॉक्टर : तिचा आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, त्यावरून ती अंधारात बघते. किडा सापडला की टकटक घाईघाईनं येईल.

काकू : आली की. एकात एक... टर्रर्र.

काका : थांबली.

डॉक्टर : घास तोंडात आहे. एका रात्रीत असे शेकडो. डास, तुडतुडे, पिकावरचे पतंग. आपण घोरत असतो, तेव्हा हे चाललेलं असतं.

काका : परत. ऐक, परत टर्रर्र. कुणी शिकवलं असेल गं हिला?

काकू : टोपी का काढलीत?

काका : गरम होतंय.

काकू : डोळ्यांनाही होतंय वाटतं.

काका : सहा ग्रॅम. मी अठ्ठ्याऐंशी किलो, आणि जन्मात एक डास धड मारला नाही.

काकू : चला, दिसेनासं झालं आता. मी खाली जाते.

काका : जातेसच तर तेवढा पंखा लाव. एकवरच ठेव. आलीच परत, तर.