रंगाप्रमाणे लावलेले दगड

दवाखान्याच्या बाकावर दोघी जावा शेजारी-शेजारी बसल्या होत्या. थोरली खाणी शोधणाऱ्या कंपनीच्या गोदामात कामाला होती.

"बोअरमधून निघालेले दगड मी किती खोलवरून निघाले त्या क्रमाने लावलेले. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ते रंगाप्रमाणे लावले!"

"छान दिसत असतील, ताई."

"डोंबलाचं छान! अगं, जमिनीखालचा तापलेला रस निवताना साधी खनिजं आधी थिजतात. दुर्मिळ धातूंना त्यांच्यात कुणी थारा देत नाही. ते उरल्यासुरल्या रसाबरोबर भेगेत शिरतात आणि तिथेच थिजतात. ती भेग किती खोल, ते त्या क्रमावरूनच कळायचं!"

"मग आता?"

"आता मलाच विचारतात, भेगेतली धातूची शीर किती खोल होती?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पृथ्वी तुम्ही रचलीत साहेब, तुम्हीच सांगा."