आखणी चालू असताना

हसणार नसाल तर सांगते. परदेशातल्या ज्या युनिव्हर्सिटीत मी जाणार आहे ना, तिनं निघण्याआधीच एक ऑनलाइन कोर्स लावलाय. संस्कृती, स्व-विकास आणि इनोव्हेशन, सगळं एकातच. परवा संस्कृतीच्या तासाला मॅडम म्हणाल्या, घरातलं काहीतरी दाखवा. आमच्या हमरापूरच्या घरात दाखवायला काय, गणपतीच! बाबा आखणी करत होते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवत होते. तेव्हा आमच्याकडे कुणी भांडंसुद्धा वाजवत नाही. त्यात रोह्याचं गिऱ्हाईक मूर्ती न्यायला घरून निघालेलं. मी मोबाइल धरून मांजराच्या पावलांनी जवळ गेले, आणि मॅडम स्पीकरवरून ओरडल्या, "ब्यूटिफुल!"

मी दचकून किंचाळलेच. बाबांचा हात हलला आणि काळी रेघ डोळ्यातून थेट गालावर.

"डोन्ट वरी," मॅडम म्हणाल्या, "चुकीतूनच इनोव्हेशन होतं!"

"काय म्हनते गो ती?" बाबांनी विचारलं.

"सॉरी म्हणते."

ते ओल्या फडक्यानं मूर्तीचा गाल पुसायला लागले. मला रडूच आलं. "बाबा, डोळा बिघडला ना?"

"डोळा काय, परत काढीन," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आई होती तवा तू दचकलीस का तिला बिलगायचीस. ती गेली, तशी मला बिलगतेस. तिकडं कोन हाय गो?"